कोमट राहिलेला भात

प्रश्न (सांगली): रात्रीचा उरलेला भात कुकरमध्येच झाकून ठेवला होता. सकाळी त्याचा फोडणीचा भात केला, अगदी वाफाळता. भाताला वास नव्हता, तारही आली नव्हती. तरी खाल्ल्यावर दोन तासांत तिघांना उलट्या सुरू झाल्या आणि संध्याकाळपर्यंत आपोआप थांबल्या. फोडणी कमी पडली का?

उत्तर: फोडणी चांगलीच होती, घोटाळा आदल्या रात्रीच झालेला होता. तुम्ही दिलेल्या वेळेवरून बॅसिलस सेरियस या जंतूचा दाट संशय येतो. तो मातीतला जंतू आहे, त्यामुळे तांदळाबरोबर घरात येतोच. अडचणीच्या वेळी तो टणक कवचाचे बीजाणू करून राहतो आणि हे बीजाणू भात शिजताना मरतीलच असे नाही. कुकरमध्ये त्यांची संख्या घटते, पण सगळे संपले असे धरून चालू नये.

भात निवायला लागला की बीजाणू जागे होतात. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा सगळाच पट्टा धोक्याचा. त्यातही 30 ते 40 अंशांत जंतू सर्वांत जोमाने वाढतात. बंद कुकरच्या डब्याला तळाशी हात लावून पाहा. वरचा भात निवला तरी मधला गोळा कितीतरी वेळ कोमट असतो. त्या ऊबेत जंतू वाढतात आणि सेरुलाइड नावाचे विष भातात सोडतात. हे विष 121 अंशांच्या उष्णतेलाही दाद देत नाही. फोडणीने जंतू मरतात, विष तसेच राहते. त्याला वास नाही, चव नाही. उलट्या साधारण अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतात, ताप बहुधा येत नाही.

याच जंतूचा दुसरा प्रकार सहा ते पंधरा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब घडवतो. तिथे विष आपल्या आतड्यात तयार होते, म्हणून अन्न आतपर्यंत कडक गरम केल्याचा तिथे उपयोग होतो. आणखी एक शक्यता सांगायला हवी: वाढणाऱ्याच्या हाताला पिकलेली जखम असेल, तर स्टॅफिलोकोकस जंतूचे विषही इतक्याच लवकर उलट्या घडवते आणि तेही उष्णतेने जात नाही. नक्की काय झाले हे उरलेल्या अन्नाचा नमुना तपासूनच कळते.

प्रश्न (पनवेल): गरम भात फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात. मग उरलेला भात ठेवायचा कसा?

उत्तर: वाफा येणारे पातेले तसेच आत ढकलू नका. बाजूचे दूध-दही तापते आणि पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास गार होत नाही. पण ‘पूर्ण गार होऊ दे’ म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवणे त्याहून वाईट. जेवणे आटोपली की लगेच भात परातीत काढा, दोन बोटांपेक्षा जाड थर नको, आणि पंख्याखाली जाळीने झाका. वाफ जिरली की उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. शिजल्यापासून तासाभरात हे उरकावे, फार तर दोन तास. फ्रिजचे तापमान 5 अंश किंवा खाली हवे. भात दुसऱ्या दिवशी संपवा आणि लागेल तेवढाच, एकदाच गरम करा.

महाप्रसादाच्या मसालेभाताचा तर स्वतंत्र विचार करावा लागतो. पंचवीस किलोच्या टोपातला भात स्वयंपाकघरात निवणे शक्यच नाही. तो वाढून होईपर्यंत मंद आचेवर 60 अंशांच्या वर ठेवावा, किंवा थोडा थोडा करून शिजवावा. पहाटे शिजवून दुपारी एकला वाढायचा, हा बेत आम्हाला मुळीच पसंत नाही.

प्रश्न (बेळगाव): मुलाच्या डब्यात दहीभात चालेल का?

उत्तर: सकाळी ताज्या भातात चांगले आंबट दही कालवलेत तर चालेल. आंबटपणात हा जंतू वाढत नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात दही घालून मात्र काही साधत नाही, विष आधीच तयार झालेले असते.

प्रश्न (नाशिक): उलट्या सुरू झाल्यावर घरी काय करावे? अँटिबायोटिक घ्यावे का?

उत्तर: नाही. त्रास तयार विषाचा आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. बहुतेकांना चोवीस तासांत बरे वाटते. तोवर पाणी भरून काढायचे. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, कमी पाण्यात नको. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर लहान मुलांना अपाय होतो, म्हणून चिमटीने न घालता चमच्याने मोजा. मुलाला दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. अंगावरचे दूध बंद करू नका. शौचात रक्त, ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, मूल मलूल पडणे, किंवा पाणीही न टिकणे यांतले एकही दिसले तर थेट दवाखाना गाठा. डोळे किंवा त्वचा पिवळी दिसली तरीही तसेच करा, कारण हे विष क्वचित यकृतावर घाला घालते.