मुलगी प्लेग्रुपच्या गेटवर रोज रडते, थांबवू का शाळा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पावणेतीन वर्षांची आहे, जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला, गेटवर गळ्याला मिठी मारून रडते, तिथल्या मॅडम म्हणतात तिचं लक्ष नसताना हळूच निघून जा आणि सासूबाई म्हणतात अजून लहान आहे, वर्षभर थांबूया. मी कोथरूडला बालवाडीत शिकवते, बरीच वर्षं झाली, दर जूनला हेच बघते म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी, प्लीज हळूच निघून जाऊ नका. त्या दिवशी गेटवरची रडारड वाचते हे खरं, पण मूल खेळता खेळता मान वर करून बघतं तर आई नाही, मग दुसऱ्या दिवशी ते खेळायलाच बसत नाही कारण आपण खेळायला लागलो की आई गायब होते हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं, घरी सुद्धा तुम्ही बाथरूमला गेलात तरी दाराशी येऊन रडायला लागतं. सांगूनच जा. रडेल, तरी सांगून जा. पण निरोप एकदम छोटा, एक पापी, टाटा, "मी घ्यायला येते" आणि वळायचं. परत मागे येऊन अजून एकदा जवळ घेतलं की तिला वाटतं अजून थोडं रडलं तर आई थांबेल. बाबा किंवा आजोबा सोडायला आले तर काही मुलं खूपच कमी रडतात, जमत असेल तर करून बघा.

"बारा वाजता येते" म्हणून काही उपयोग नाही, तिला घड्याळ कळत नाही. मॅडमना रोजचा क्रम विचारून घ्या आणि तसं सांगा, आधी खेळ, मग डबा, मग गाणी, मग चप्पल घालायची आणि आई गेटवर. आणि मग खरंच गेटवर असा! कर्वे रोडला ट्रॅफिक होतं हे तिला सांगून कळणार नाहीये, बाकीची मुलं एकेक करून गेली आणि आपलीच आई आली नाही एवढंच तिला दिसतं. सुरुवातीचे आठवडे हे एकच सांभाळा, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. आई जाते पण येते, हे तिला रोज स्वतः बघून पटायला हवं, आपण समजावून ते पटत नाही.

आता एक गोष्ट जी पुण्यात फार कमी पालक विचारतात. घरी तुम्ही मराठी बोलता ना? आणि प्लेग्रुप इंग्लिश मीडियम? मग कदाचित तिला तिथे कोण काय बोलतंय तेच कळत नसेल. "सिट डाउन", "वॉश युवर हँड्स", सगळं अनोळखी, आणि शू लागली तर सांगायचं कसं? मी अशी मुलं पाहिली आहेत जी शू दाबून बसतात आणि मग रडतात, आणि मोठ्यांना वाटतं आईची आठवण येतेय. मॅडमना स्पष्ट सांगा की पहिले काही आठवडे माझ्या मुलीशी मराठीत बोला, तिचे घरचे शब्द, शू, शी, मंमं, भूभू, एका कागदावर लिहून द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या वस्तीत, अंगणात नेली होती. आपण तिच्या भाषेत चार वाक्यं बोलायला तरी काय हरकत आहे, इंग्लिश येतं नंतर, घाई नाही.

डबा तिला स्वतःला उघडता येतो का बघा. आणि घरी कोणी "त्रास दिलास तर मॅडमना सांगेन" म्हणत असेल तर ते आजच बंद करा.

घरी आल्यावर "रडलीस का?" विचारू नका. आधी जेवण, झोप. शाळेत शहाण्यासारखी वागून घरी आल्यावर छोट्या छोट्या गोष्टींवरून आकांत करणारी मुलं भरपूर असतात, इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आपल्या माणसाजवळ बाहेर पडतं. ओरडू नका, जवळ घ्या.

सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाहीये हं. २०२० च्या शिक्षण धोरणात पायाभूत टप्पाच वय ३ ते ८ असा धरलाय आणि पहिलीला ६ पूर्ण लागतात, त्यामुळे आत्ता थांबलात तर काही बुडत नाही. पण निर्णय गेटवरच्या रडण्यावरून घेऊ नका, मॅडमना विचारा की मी गेल्यावर किती वेळ रडते. थोड्या वेळात शांत होऊन खेळत असेल, डबा खात असेल तर चालू ठेवा. महिना होत आला तरी पूर्ण वेळ रडतेय, काही खात नाही, रात्री दचकून उठते, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय, तर सरळ थांबवा, बालरोगतज्ज्ञांशी बोला, आणि मॅडम नीट सांगतच नसतील, आत बघूही देत नसतील तर शाळा बदला.

आणि पावसाळ्यात सर्दी-तापाने घरी राहिली किंवा गणपतीची सुट्टी झाली की परत रडेल, तेव्हा घाबरून जाऊ नका. सुट्टी संपायच्या दोन दिवस आधीपासून शाळेच्या वेळेला उठवा, येताजाता शाळेवरून एक चक्कर मारा, आणि पहिल्या दिवशी शक्य असेल तर तासभर लवकर न्यायला जा.