८२ वर्षांच्या आजीच्या पोटात कळा, उलट्या आणि मांडीत दुखणं: अपेंडिक्स नसेल तर काय असू शकतं?

तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीवर मी थांबलो: "उजवी मांडीही आतून दुखते, पण तो संधिवात जुनाच आहे." आजी ८२ वर्षांच्या, वजन ३८ किलो, तीन दिवस कळा येऊन उलट्या, शौचाला झालेलं नाही, वाराही सरत नाही, सोनोग्राफीत गॅसखेरीज काही नाही. मी जनरल सर्जन आहे, बरीच वर्षं कोकणात काम करतोय. इथे बसून निदान करता येत नाही, पण त्यांना आजच, रात्र झाली तरी, सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही असतील अशा ठिकाणी न्या. तोवर तोंडाने काही देऊ नका. एरंडेल किंवा जुलाबाचं औषध तर मुळीच नको.

मला पहिली शंका ऑब्ट्युरेटर हर्नियाची येते. कमरेच्या हाडात खाली दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. ते पडद्याने बंद असतं, फक्त एक नस आणि रक्तवाहिन्या जायला चिंचोळी वाट असते. तिथे चरबीची गादी असते. वयाने अंग वाळलं की ती गादी झिजते आणि आतड्याचा वेढा त्या वाटेत शिरून अडकतो. म्हणून हा हर्निया बहुतेक वेळा कृश, म्हाताऱ्या, बरीच बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये सापडतो, आणि उजवीकडे जास्त. फुगवटा स्नायूंखाली दडलेला असतो, त्यामुळे जांघेत हाताला काही लागत नाही. शेजारची नस दबली की कळ मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत उतरते. पाय पोटाशी घेतला की बरं वाटतं, सरळ करून आत वळवला की ठणकतं. हे लक्षण सगळ्यांत मिळत नाही, पण मिळालं तर डॉक्टरांना दारातच सांगा.

अशीच एक आजी माझ्याकडे आली, तेव्हा चार दिवस तिच्या गुडघ्याला तेल चोळणं चाललं होतं. मधे एका दवाखान्यात गुडघ्यात इंजेक्शनही दिलं गेलं. पोट उघडलं तर अडकलेलं आतडं काळं पडलेलं. वीतभर कापून जोडावं लागलं. ती घरी गेली, पण दोन दिवस आधी आली असती तर आतडं नुसतं सोडवून काम भागलं असतं, ही हळहळ मला अजून आहे. सीटी मांडीच्या वरच्या भागापर्यंत घ्यायला सांगा, म्हणजे ही जागा सुटत नाही.

दुसरं, त्याहून घातक: आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं. हृदयाचे ठोके अनियमित असले तर तिथली गुठळी आतड्याच्या मुख्य धमनीत जाऊन बसते. रुग्ण वेदनेने तळमळतो आणि पोट मात्र हाताला मऊ लागतं. मऊ पोट बघून कुणी घरी पाठवलं तर ऐकू नका. आतडं काही तासांतच मरतं. त्यासाठी शिरेतून डाय (रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) देऊन सीटी लागतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलंय म्हणून तो टाळायची ही वेळ नव्हे.

पित्ताशयातला मोठा खडा आतड्यात उतरून लहान आतड्याच्या टोकाला अडकतो, तेही या वयात होतं. अशा वेळी कळा येतात-जातात, म्हणून दोनेक दिवस फसगत होते.

आणि एक गोष्ट घरी विचारा. आजी कवळी लावतात का? कवळीने टाळू झाकला की माशाचा काटा तोंडात कळत नाही, गिळला जातो आणि कधी आतड्याला भोक पाडतो. गोळ्यांचंही तसंच. स्ट्रिप कात्रीने कापून एकेक गोळी डबीत ठेवायची आपली पद्धत असते. कमी दिसणारं माणूस ती वेष्टनासकट गिळतं आणि कापलेले टोकदार कोपरे आतड्याला टोचतात. डबीत तसे तुकडे असतील तर डबी सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावंही लिहून न्या, ऑपरेशनआधी ती लागतील.