लिहिणाऱ्यांचे प्रश्न : संवाद, रफार आणि करारपत्र

प्रश्न : घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठी. यंत्रमागावरच्या माणसांची कथा लिहितोय. संवाद कोणत्या भाषेत लिहू? तेलुगूचा अर्थ कंसात देऊ का? आणि मागावरचे शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला कसे कळणार? (अशोक चौक)

कंस नको, तळटीपही नको. अर्थ पुढच्या कृतीतून कळू द्या. उदाहरणार्थ :

“तिन्नावा रा?” अव्वानं विचारलं. तो ‘नाही’ म्हणायच्या आत ताट समोर आलं.

तेलुगूचं अक्षरही न येणाऱ्याला इथं अडत नाही. असे तुकडे लहान ठेवा : दोन-तीन शब्दांचे, हाक मारणं, रागावणं, जेवायला बोलावणं एवढ्यापुरते. लांब बोलणं मराठीतच द्या.

ही मराठी कुठली, हा खरा प्रश्न. पुष्कळ हस्तलिखितांत सोलापूरचा कामगार “म्या कवाधरनं वाट बगतुया” असं बोलताना दिसतो. ही सिनेमातली खेडवळ बोली झाली, सोलापूरच्या पूर्व भागात असं कुणी बोलत नाही. “कुठं गेलतास बे? किती वेळ झालं थांबलोय” हे इथलं. ‘वेळ झाला’ऐवजी ‘वेळ झालं’ ही लिंगाची चूक मुद्रितशोधकाला दुरुस्त करू देऊ नका. बोलणाऱ्याच्या घरची भाषा वेगळी आहे, हे ती एका अक्षरात सांगते. मात्र ती त्याच पात्राच्या तोंडी राहावी, निवेदनात शिरली की ती तुमची चूक ठरते. ‘बे’ बरोबरीच्या माणसांतच चालतो. मालकाला, बापाला कुणी ‘बे’ म्हणत नाही, आणि म्हटलं तर कथेत तो भांडणाचा क्षण असायला हवा. पात्रागणिक एक यादी करा : हा काय म्हणतो, काय कधीच म्हणत नाही.

मागावरच्या शब्दांचंही तसंच. ‘धोटा म्हणजे काय’ सांगत बसू नका, धोटा वापरा : कांडीतलं सूत संपलं, माग थांबला, त्यानं धोटा काढून रिकामी कांडी फेकली, भरलेली बसवली, माग पुन्हा सुरू. एवढं वाचल्यावर कांडी कुठे बसते आणि ती संपल्यावर काय होतं, हे दोन्ही कळतं.

घरची भाषा एक आणि लिहिण्याची दुसरी, याचं ओझं वाटत असेल तर उतरवून ठेवा. कवी द. रा. बेंद्र्यांच्या घरी मराठी होती आणि कविता कन्नडमध्ये. १९४४ पासून बारा वर्षं ते सोलापुरातल्याच दयानंद महाविद्यालयात शिकवत होते.

प्रश्न : जुन्या फॉन्टमधली १२० पानं युनिकोडमध्ये बदलून घेतली. आता ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ दिसतंय. सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का? (बार्शी)

नाही, पण ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका. ‘र्या’ सरसकट ‘ऱ्या’ केलंत तर ‘कार्यालय’ आणि ‘सूर्यास्त’सुद्धा बिघडतील. मूळ फाइल जपून ठेवा आणि बदललेल्या फाइलमध्ये ‘र्य’ व ‘र्ह’ शोधून एकेक जागा तपासा. ‘ऱ्हास’, ‘कुऱ्हाड’, ‘वऱ्हाड’ यांना अर्धचंद्री र हवा, ‘अर्हता’ला रफारच. काही ठिकाणी दोन्ही रूपं शुद्ध असतात आणि अर्थ उलटतो : दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. ‘आचार्यांना पंगत वाढायला सांगितली’ हे वाक्य कोणत्याही शुद्धलेखन तपासनिसाच्या नजरेतून सुटेल, पंगतीच्या नाही.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ‘ऱ’ मिळतो. त्याला हलन्त जोडा आणि पुढे ‘य’ किंवा ‘ह’ द्या. काही जुनी साधनं साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून तेच रूप उमटवतात. दिसायला दोन्ही सारखी, पण शोधताना एक सापडतं, दुसरं निसटतं. फाइलभर एकच पद्धत ठेवा. जाता जाता ‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आलाय का, तेही बघा.

प्रश्न : कथासंग्रहासाठी प्रकाशक माझ्याकडेच पैसे मागतात. १६३ पानं, ५०० प्रती. फसवणूक आहे की रीतच अशी? (जुळे सोलापूर)

रीत आहे, आणि फसवणूकही होते. पैसे देणं हा गुन्हा नाही, हिशेब न विचारता देणं ही चूक.

आधी पानं. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. १६३ पानांना अकरा फॉर्म, म्हणजे १७६ पानांचा खर्च आणि तेरा पानं कोरी. तीन पानं कापा, दहा फॉर्ममध्ये बसेल. त्यासाठी कथा कापायची गरज नसते, प्रस्तावना आटोपशीर केली तरी भागतं. श्रेयपान आणि अनुक्रमणिका या १६० मध्येच धरा.

मग कागद. डेमी आकारात (साडेपाच बाय साडेआठ इंच) २३ बाय ३६ इंची एका तावात ३२ पानं निघतात. १६० पानांना पाच ताव, ५०० प्रतींना २,५०० ताव, म्हणजे पाच रीम. वाया जाणारा कागद धरला तरी सहाच्या आत. कोणी आठ रीम लावले असतील तर कारण विचारा. कागद किती जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा), मुखपृष्ठाचं कार्ड किती जीएसएमचं, लॅमिनेशन मॅट की ग्लॉसी, बांधणी नुसती चिकटवलेली की शिवलेली, हे अंदाजपत्रकात लिहून घ्या. कण्याची जाडी मुखपृष्ठ करण्याआधी त्याच कागदाच्या कोऱ्या डमीवर मोजा, नाहीतर कण्यावरचं नाव घसरून मुखपृष्ठावर येतं.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले असतील तर सावध व्हा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो विनाशुल्क देते, लेखक स्वतः प्रकाशक असेल तर त्यालाही.

सगळ्यात मोठा घोळ करारात असतो. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ या ओळीखाली सही करू नका. छापील मराठी आवृत्तीचा हक्क द्या. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, चित्रपट यांचा वेगळा उल्लेख करून ते स्वतःकडे ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत धरला जातो. वेगळं ठरलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क प्रकाशकाकडे उरत नाही. मानधनाची टक्केवारी कशावर, हेही लिहून घ्या. २५० रुपये छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे २५ रुपये. तेच ४० टक्के सवलतीनंतरच्या १५० वर मोजलं तर १५. हिशेब वर्षातून कोणत्या तारखेला, तुमच्या प्रती किती, आणि छपाईची अंतिम फाइल तुम्हाला मिळणार का, हेही करारातच असावं. पैसे तुम्ही भरणार असाल तर ती फाइल तुमच्याकडे यायलाच हवी.

प्रश्न : कॉपीराइटची नोंदणी केली नाही तर कथा चोरीला जाईल का? (मंगळवेढा)

लिहून झालं की हक्क तुमचा. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं हक्क टिकतो. संरक्षण शब्दांना असतं, नुसत्या कल्पनेला नाही. ‘गड्ड्याच्या जत्रेत हरवलेलं पोर’ या विषयावर आणखी दहा जण लिहू शकतात. खर्डे तारखेनिशी ठेवा.

प्रश्न : दिवाळी अंकासाठी एकच कथा तिघांना पाठवली तर? (पंढरपूर)

दोघांनी छापली तर पुढच्या वर्षी तिघेही छापणार नाहीत. एकाला पाठवा आणि पत्रात ‘अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर अन्यत्र पाठवेन’ असं लिहा. गणपतीच्या आसपास पाठवलेली कथा बहुतेकदा उशिराच पोचलेली असते. जून-जुलै गाठा, आणि शब्दमर्यादा आधी विचारून घ्या.

प्रश्न : वाचायला बसते, पण पुस्तकं अर्ध्यावर राहतात. लिहिणाऱ्यानं कसं वाचावं? (होटगी रस्ता)

अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक वाया जात नाही. जिथं सोडलंत ते पान काढा आणि मागची तीन पानं पुन्हा वाचा. बहुतेकदा तिथं नवीन काही घडत नसतं, किंवा एकदम चार नवी नावं आलेली असतात. ते वहीत एका ओळीत टिपा. जे पुस्तक संपलं, त्यातलं आवडलेलं अर्धं पान हातानं उतरवून काढा. वाक्यं कुठं तुटतात, संवादात ‘म्हणाली’ किती वेळा येतं, हे डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतं. विकत घेण्याची घाई नको. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं ग्रंथालय गावात असताना आधी तिथून आणा आणि परतीच्या तारखेच्या आधी ते अर्धं पान उतरवून घ्या.