हंसही मीच पुसायचा, मिक्सरही मीच धुवायचा

दिवाळी सरली की माझ्याकडे पाडव्याच्या ओवाळणीवरून भांडलेलं एखादं तरी जोडपं येतंच. नवऱ्यांचा प्रश्न ठरलेला : "मॅडम, उपयोगाचं द्यावं की शोभेचं?"

सोलापुरातल्याच एका जोडप्याचं सांगते, ओळख लागू नये इतपत बदलून. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. आदल्या पाडव्याला त्यानं काचेचा हंस दिला. ती काही खुलली नाही. म्हणून यंदा मिक्सर. ओवाळून झाल्यावर त्यानं खोकं पाटाशेजारी सरकवलं, तर ती आत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही.

"शोभेचं नको, उपयोगाचंही नको. द्यायचं तरी काय?" तो वैतागला होता, आणि त्याचं अगदीच चुकत नव्हतं. 2014 मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये एक अभ्यास आला होता. देणारा वस्तू किती भारी ते बघतो, घेणाऱ्याला ती वापरायला सोपी हवी असते, असं त्यात दिसलं. त्या हिशेबानं मिक्सर जिंकायला हवा होता.

मग ती बोलली. "हंसही मीच पुसायचा, मिक्सरही मीच धुवायचा. जुना बिघडला तेव्हा तो घरातल्या सगळ्यांचा होता. नवा आला तो माझा एकटीचा कसा?" वर सासूबाईंना शेंगाचटणी उखळात कुटलेलीच लागते!

"तुम्हाला काय हवं होतं?"

"चप्पल. संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याकडं चालायला जाते. अंगठा तुटलाय. दोनदा बोलले ह्यांना."

म्हणजे मागणी उपयोगाच्याच वस्तूची होती, फक्त ती तिच्या पायात जाणार होती.

तो दचकला. "ओवाळणीत चप्पल कशी देणार, मॅडम?"

खरंच, देऊ नये. ताटात पाकीट ठेवा, म्हटलं, आणि दुकानात दोघं जा. मिक्सर-कुकर दसऱ्याला घरखर्चातून आणा, त्याला ओवाळणी म्हणू नका. आणि ती एखादी गोष्ट दोनदा बोलली, की मोबाइलमध्ये लिहून ठेवा. हे मी जवळजवळ प्रत्येक नवऱ्याला सांगते. लिहितात फार थोडे.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा, दोघं पुन्हा आले. तिच्या पायात नवीन चप्पल होती. नवी पेठेत तीन दुकानं फिरवलं म्हणून तो कुरकुरत होता.

"आणि मिक्सर आता मीपण धुतो," तो म्हणाला.

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं.