वडिलांची बंदूक माझ्या नावावर करायची, मग ट्रेनिंग कशाला?

प्रश्न: नमस्कार सर, आमचं गाव राजापूर तालुक्यात. वडिलांकडे शेतसंरक्षणाची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायची) बंदूक होती, ते दोन महिन्यांपूर्वी वारले. आता ती माझ्या नावावर करायची तर ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणा म्हणतात. मी लहानपणापासून बंदूक बघतोय, डुकरं आणि वानरं शेतात काही ठेवत नाहीत, परवाना शेतकऱ्याचा हक्कच आहे ना, मग हे कशाला?
– एक वाचक, राजापूर

उत्तर: दादा, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण आधी सांगा, बंदूक आत्ता कुठाय? घरातच असेल तर आजच पोलीस ठाण्यात फोन करून कळवा, जमा करा आणि पावती घ्या. परवाना वडिलांच्या नावावर होता, त्यांच्या मागे ती घरात ठेवली की ते विनापरवाना शस्त्र होतं, तुमच्या मनात काहीही नसलं तरी.

आता हक्काचं. राज्यघटनेत बंदुकीचा हक्क कुठे नाही, पण 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 13 मध्ये खऱ्या शेतसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा असं म्हटलंय, आणि 2016 च्या नियमांत वारसाला परवाना मिळायची सोय आहे. म्हणजे मागताना अजिबात घाबरू नका, नाकारला तर कारण लेखी मागा, अपील करता येतं. मी स्वतः शेतकऱ्यांच्या बाजूचा आहे, रात्रभर मचाणावर जागून सकाळी नाचणी आडवी झालेली बघणं काय असतं ते मला माहितीय. पण ट्रेनिंगची अट त्याच 2016 च्या नियमांत आहे, एक हवं आणि दुसरं नको असं कसं चालेल?

आणि बघणं वेगळं, शिकणं वेगळं. मी बंदुकीचं ट्रेनिंग देतो, तिथे एक काका आले होते, तीस वर्षं बंदूक वापरलेले. विचारलं, घरी रात्री ठेवताना कॅप, म्हणजे घोडा आपटला की दारू पेटवणारी छोटी टोपी, काढता का? तर म्हणाले, नाही, डुक्कर आलं तर परत बसवायला वेळ कुठे असतो. म्हणजे दारू ठासलेली, छरे भरलेले, निपलवर, म्हणजे घोडा आपटतो त्या टोकावर, कॅप, आणि बंदूक दाराच्या मागे, जिथे नातवंडं लपाछपी खेळतात! बंदुकीच्या घोड्याला धक्का बसला की संपलं. काकांना हे कळत नव्हतं असं नाही हो, कोणी समोर बसून कधी सांगितलंच नव्हतं. आपला कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे, 2024 ला पॅरिसला ब्राँझ आणलं, त्याच्या खेळातसुद्धा नेमबाजी थांबली की रायफलमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालावाच लागतो, बंदूक रिकामी आहे हे लांबून दिसावं म्हणून. तिथे कोणी म्हणत नाही मला येतं.

अजून एक, शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे, ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

आणि वडिलांनी बंदूक शेवटची भरून ठेवली होती का, हे घरात कोणाला नक्की माहितीय का? नसेल तर चाप ओढून बघू नका, नळीत डोकावू नका, पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका आणि फोनवर पोलिसांना हे पहिल्यांदा सांगा.