टाइमशेअरच्या टेबलावर बसण्याआधी

पुणे

अनेक आशीर्वाद.

विमाननगरच्या मॉलमध्ये भरलेल्या कुपनवर तुम्हा दोघांना महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री फुकट मिळाल्या आणि शनिवारी निघायचं ठरलं आहे, असं कळलं. जरूर जा. पण त्या दोन रात्रींची किंमत रविवारी नाश्त्यानंतरच्या ‘छोट्याशा प्रेझेंटेशन’मध्ये वसूल करायची असते, हे समजून जा. नव्वद मिनिटं सांगतात, तीन तास सहज जातात. चार-पाच लाखांचा आणि पंचवीस वर्षांचा निर्णय तुमच्याकडून तिथल्या तिथे करून घ्यायचा, यासाठीच ती बैठक असते. विकायचं असतं टाइमशेअरचं सदस्यत्व, म्हणजे आज पैसे भरायचे आणि पुढची ठरावीक वर्षं दरवर्षी काही रात्री रिसॉर्टची खोली वापरायची. माझं सांगणं एवढंच आहे की तिथे वाद जिंकायला जाऊ नका. बरोबर काय न्यायचं नाही आणि किती वाजता उठायचं, हे घरी ठरवून निघा.

ज्याने फोन केला त्याला आजच व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखीच घ्या. प्रेझेंटेशन किती मिनिटांचं आहे? बसलो नाही किंवा मध्येच उठलो तर खोलीचं भाडं लागेल का, लागलं तर किती? आणि कर, जेवण, ‘युटिलिटी चार्जेस’ धरून एकूण किती भरायचे? फुकटच्या खोलीला जेवणाचं सक्तीचं पॅकेज जोडलेलं असलं, तर साध्या हॉटेलात स्वस्तात पडलं असतं. उत्तर टाळलं, ‘इथे आल्यावर बघू’ म्हणाले, तर पसरणी घाट चढायच्या आधीच बेत बदलायला हरकत नाही.

क्रेडिट कार्डं घरी ठेवा. एखादं न्यायचंच असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्याचे ऑनलाइन व्यवहार बंद करा आणि स्वाइपची मर्यादा पाच हजारांवर आणा. ही सोय २०२० पासून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना बंधनकारक केलेली आहे. यूपीआयची रोजची मर्यादाही खाली आणा. चेकबुक नकोच. चेक-इनला आधार मागतील, तेव्हा मास्क केलेलं द्या, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. पॅन कार्ड दोन रात्रींच्या मुक्कामाला लागत नाही. तरी टेबलावर कोणी ‘फक्त पात्रता बघतो’ म्हणून पॅन मागितलं आणि मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला, तर तो सांगायचा नाही. त्या ओटीपीने सिबिलची, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीची, चौकशी होऊ शकते, कर्जाचा अर्ज पुढे सरकू शकतो किंवा खात्यातून हप्ता कापायची परवानगी जाऊ शकते. कशाचा ओटीपी आहे, हे मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. तो पूर्ण वाचल्याशिवाय फोन कोणाच्या हातात देऊ नका.

आणखी एक, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. दोघांनी मिळून यायची अट ते उगाच घालत नाहीत. ‘घरी विचारून सांगतो’ ही वाट त्यांना आधीच बंद करायची असते. समोरचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत कोण जास्त मान डोलावतंय हे हेरतो आणि पुढे त्याच्याशीच बोलतो. म्हणून एकाचा नकार तो दोघांचा नकार, हे गाडीत बसायच्या आधी पक्कं करा. साडेदहाला बसलात तर बाराला उठायचं. फोनवर बाराचा गजर लावा आणि बसतानाच सांगून टाका की बाराला निघायचं आहे.

आत काय होतं ते क्रमाने सांगतो. आधी गप्पा. कोथरूडचे का, अरे माझी मावशी तिथेच राहते. मग एक फॉर्म: वर्षात किती वेळा फिरायला जाता, किती खर्च होतो, कुठे जायचं राहून गेलंय. मोकळेपणाने लिहिलेली प्रत्येक ओळ तासाभराने तुमच्यासमोर परत येते. ‘आईबाबांना केरळ दाखवायचंय असं तुम्हीच लिहिलंय ना?’ म्हणून फॉर्म त्रोटक भरा. मग व्हिडिओ, मग कोऱ्या कागदावर मार्करने हिशेब. मध्येच शेजारच्या टेबलावर टाळ्या वाजतात, कोणाचं तरी अभिनंदन होतं. संगीत मोठ्याने चालू असतं, त्यामुळे तुम्हाला एकमेकांशी हळू बोलता येत नाही. बोलायचं असेल तर सरळ उठून बाहेर जा, परवानगी विचारायची गरज नाही.

तो कागदावरचा हिशेब नीट समजून घे, कारण शिकलेली माणसं तिथेच अडकतात. वर्षाला सहलींवर साठ हजार खर्च होतात असं तुम्ही म्हणालात, की विकणारा त्यावर दहा टक्के महागाई लावून पंचवीस वर्षांची बेरीज करतो. ती सुमारे ५९ लाख येते. गणित बरोबर आहे. त्या साठ हजारांत प्रवास, जेवण, खरेदी सगळं आहे आणि सदस्यत्वाने यातली फक्त खोली मिळते, हे मात्र तो बोलत नाही. शिवाय महागाई तुमच्या खर्चाला लावली जाते, त्यांच्या वार्षिक देखभाल शुल्काला लावली जात नाही.

तेच गणित आपण उदाहरणादाखल पुरतं करून पाहू. सदस्यत्व चार लाखांचं, वर्षाला सात रात्रींचं धरलं तर १८ टक्के जीएसटीसह ४ लाख ७२ हजार होतात. वार्षिक शुल्क १८ हजार, जीएसटी धरून २१,२४०. ते वर्षाला सहा टक्क्यांनी वाढलं तरी पंचवीस वर्षांत एकूण साडेअकरा लाखांच्या वर जातं, म्हणजे मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त. आता ४ लाख ७२ हजार सात टक्के व्याजाने मुदत ठेवीत ठेवले असते तर वर्षाला ३३,०४० रुपये सुटले असते (कर वेगळा). त्यात पहिल्या वर्षीचं शुल्क मिळवलं की ५४,२८० होतात. सातही रात्री वापरल्या तर एक रात्र ७,७५० च्या आसपास पडते. कंपनीतून सुट्टी मिळाली नाही आणि चारच रात्री झाल्या, तर १३,५७०. एवढ्या पैशांत तुम्हाला हवी ती खोली, हव्या त्या गावात, आयत्या वेळी मिळते, आणि ठेवीची मुद्दल आपल्याकडेच राहते. आकडे तिथे वेगळे असतील. पण किंमत, जीएसटी, वार्षिक शुल्क आणि ते कोणत्या हिशेबाने वाढतं, हे चार आकडे मागून घेतले की फोनच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत उत्तर येतं.

‘ही तुमची प्रॉपर्टी आहे’ असं म्हणाले तर विचारा, सातबारावर किंवा इंडेक्स टूवर (खरेदीच्या सरकारी नोंदणीच्या उताऱ्यावर) नाव लागणार का? आपल्याकडच्या बहुतेक सदस्यत्वांत मिळतो तो ठरावीक वर्षं खोली वापरण्याचा हक्क, मालकी मिळत नाही. आणि हंगामाचे रंग बघून घ्या. लाल, पांढरा, निळा अशी वर्गवारी असते, स्वस्त रंग म्हणजे गर्दी नसलेले आठवडे. पुण्याच्या माणसाला हव्या असतात दिवाळी, मे महिना आणि डिसेंबरचा शेवट, आणि ते महागात महाग रंगात जातात. विकणाऱ्याला सांगा, अ‍ॅप उघडून पुढच्या दिवाळीत इथली खोली आत्ता शोधून दाखवा. तोंडी दिलेल्या आश्वासनांना नंतर किंमत राहत नाही, कारण करारात बहुधा एक कलम असतं की यात लिहिलंय तेवढंच कबूल. हिशेबाच्या कागदाचा फोटो काढा. काढू देत नसतील तर त्यावरूनच काय ते समजा.

आता नकार. कारण देऊ नका. ‘पैसे नाहीत’ म्हटलं की हप्ते पुढे येतात: ४ लाख ७२ हजारांचे अठ्ठेचाळीस केले की महिन्याला ‘फक्त’ ९,८३३. ‘सुट्टी मिळत नाही’ म्हटलं की न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात, आईवडिलांना देता येतात. ‘विचार करून सांगतो’ म्हटलं की हा भाव आजच्यापुरताच. प्रत्येक कारणाचं उत्तर त्यांना शिकवलेलं असतं. ‘आम्ही आज काही घेणार नाही, धन्यवाद’ या वाक्याचं उत्तर नसतं. तेच वाक्य, त्याच आवाजात, तीनदा. समोरचा पोरगा तुमच्याच वयाचा असेल, त्याच्यावर टार्गेट असेल, त्याचा चेहरा पडेल; त्याच्याशी सौजन्याने वागा, पण त्याच्या चहानाश्त्याचं ओझं मनावर घेऊ नका. भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

मग मॅनेजर येईल. साडेसात लाखांवर काट मारून चार करेल. त्यालाही तेच वाक्य. निघताना ‘फक्त अभिप्राय लिहून जा’ म्हणून दुसऱ्या टेबलावर बसवतील आणि तिथे दोन-तीन वर्षांचं लहान पॅकेज निघेल. तीही विक्रीच आहे. अभिप्राय उभ्यानेच द्या. कोणी दाराशी अडवलं, आवाज चढवला, तर रिसेप्शनवर जाऊन लेखी तक्रार करा आणि तिचा फोटो ठेवा.

सदस्यत्व सगळ्यांनाच तोट्यात जातं असं नाही. दरवर्षी न चुकता जाणारं, सहा-आठ महिने आधी तारखा ठरवणारं कुटुंब त्याचा उपयोग करून घेतं. पण तसं कुटुंब घरी बसून करार वाचेल आणि जुन्या सदस्याकडून हस्तांतराने कमी भावात मिळतं का, तेही बघेल.

एवढं सांगूनही सही झालीच, तर त्याच रात्री करारातलं रद्द करण्याचं कलम शोधा. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर घेणाऱ्याला चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी तसा वेगळा कायदा नाही, करारात लिहिली असेल तेवढीच मुदत. ती सहीपासून मोजायची की कागद हातात आल्यापासून, हे पाहा. करारातल्या पत्त्यावर ईमेल करा आणि तेच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. त्यात सदस्य क्रमांक, सहीची तारीख, भरलेली रक्कम, कलमाचा क्रमांक आणि ‘सदस्यत्व रद्द करून पूर्ण रक्कम परत करावी’ एवढंच लिहा. नंतर गोड बोलून अपग्रेड देणारे फोन येतील. त्या बोलण्यात मुदत उलटते, म्हणून उत्तर फक्त ईमेलवर द्या. कर्ज घेतलं असेल तर ते वेगळं रद्द करावं लागतं. अ‍ॅपवरच्या डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान एक दिवसाची परत फिरण्याची मुदत द्यावी लागते; तेवढ्यात मुद्दल आणि त्या काळापुरतं व्याज भरून सुटता येतं. बँकेला न कळवता हप्ता मात्र थांबवू नका, सिबिल बिघडतं.

पैसे परत आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्यातच, दावा लावता येतो, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षं, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी याच शहरात सुरू केली. तिच्या कार्यकर्त्यांकडून अर्ज तपासून घ्या.

रविवारी निघाल्यावर फोन कर.

तुझा,
काका

ता. क. सदस्यत्व घेतलेल्या माणसाला काही वर्षांनी फोन येतात की तुमच्या सदस्यत्वाला गिऱ्हाईक आहे किंवा परतावा मंजूर झालाय, आधी जीएसटी आणि ट्रान्सफर फी भरा. फोन करणाऱ्याकडे तुमचा सदस्य क्रमांकही असतो, त्यामुळे खरं वाटतं. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे नसतात. तुझ्या सासऱ्यांकडे असलं जुनं सदस्यत्व आहे ना, त्यांना हे आजच सांग; पैसे गेलेच असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवायचं, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत निघून जाते.