शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून

प्रिय मित्रा,

गावोगावी मोतीबिंदूची शिबिरं घ्यायला तुमची संस्था एका नेत्ररुग्णालयाशी करार करते आहे, म्हणून चार गोष्टी लिहितो.

शिबिर भरवणं सोपं असतं. ज्यांना ऑपरेशन सांगितलं, त्यांतले किती जण टेबलापर्यंत पोचले, हा आकडा खरा. तो पहिल्या दिवसापासून वहीत लिही. माणसं गळतात ती भीतीपोटी, आणि त्याहून जास्त गाडीभाडं, बुडणारी मजुरी नि सोबतीला कोणी नसणं यांमुळे. फुकट ऑपरेशनही गरिबाला महागच पडतं. मदुराईत 1976 साली 11 खाटांवर सुरू झालेलं अरविंद नेत्र रुग्णालय शिबिरातल्या रुग्णांना नेणं-आणणं, जेवण नि मुक्काम यांची सोय करतं, ती याचसाठी. तूही गाडी त्याच दिवशी उभी ठेव. ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ म्हणणारे भेटतीलच. त्यांना सांग, डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायचं तर पिकायची वाट बघायची नसते; फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं आणि डोळ्याचा दाबही वाढू शकतो.

नजर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यापासूनचे 6 मीटर टेपने मोज, पावलांनी नको. एकेक डोळा तळव्याने झाकायला लाव. बोटांच्या फटीतून सगळेच बघतात. कमी दिसत असेल तर बारीक छिद्राच्या पट्टीतून वाचायला दे. वाचता आलं तर बहुधा चष्म्याचं काम आहे. टॉर्चचा उजेड कुठल्या बाजूने येतो तेच सांगता येत नसेल, तर पडदा किंवा नस खराब असू शकते. अशा माणसाला ‘दिसेल’ असं तुझ्या स्वयंसेवकांनी कबूल करू नये. रक्तदाब आणि साखर गावातच तपासा. रुग्णालयातून परत पाठवलेला माणूस सहसा पुन्हा येत नाही.

करारात लोक ऑपरेशनचा दर लिहितात नि थांबतात. प्रत्येक डोळ्याचं भिंग मोजूनच बसवायचं, सगळ्यांना एकाच नंबरचं नाही, हे लिहून घे. डोळ्यात पू झाला तर रात्री फोन कोण उचलणार, पुन्हा ऑपरेशन लागलं तर खर्च कुणाचा, हेही. भिंगाच्या किमतीची सबब आता चालत नाही: अरविंदच्याच ऑरोलॅब या कारखान्याने 1992 पासून, नंतर काठमांडूच्या तिलगंगा नेत्रसंस्थेने भिंगं बनवायला घेतल्यावर किंमत पार खाली आली. देणगीतल्या यंत्रांना मात्र भुलू नकोस. दिवा गेला, व्होल्टेज वरखाली झालं, की ती कापडाखाली पडून राहतात. सुटे भाग आणि दुरुस्तीवाला आधी, यंत्र मग.

रांगेतल्या चाळिशीपुढच्या पुष्कळांना नुसती चाळिशीच हवी असते. +1 ते +3 नंबरचे तयार चष्मे सोबत ठेव आणि थोडी किंमत घे. त्या पैशातून पुढची खेप भरते. काम बसलं की डोळे तपासायचं कायमचं दृष्टिकेंद्र काढ. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या रचनेत साधारण 50,000 वस्तीमागे एक केंद्र असतं, आणि ते चालवतो त्याच भागातला प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी.

ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी फेरतपासणी नि चष्मा. इथेच बहुतेक भागीदाऱ्या ढिल्या पडतात. रुग्णाकडे असेल त्या चष्म्यासकट किमान 80 टक्के डोळ्यांना 6/18 (निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून) किंवा त्याहून बरं दिसायला हवं, हा जागतिक आरोग्य संघटनेने 1998 साली घातलेला दंडक. फेरतपासणीच झाली नाही तर तो मोजणार कसा? तेव्हा पहिल्या शिबिराची तारीख ठरवताना सहाव्या आठवड्याचीही ठरव, आणि त्या दिवसाची गाडी आताच सांगून ठेव.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता